साखळ्या उतरवण्याचा मुहूर्त

मार्चचा तिसरा आठवडा. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं व्हरमाँट, डोंगरांचं आणि दुभत्या गायींचं छोटंसं राज्य. सकाळी सातला गोठ्यासमोरच्या अंगणात पाऊल टाकायचं तर भिंतीचा आधार घ्यावा लागतो. काल दुपारी वितळून पसरलेलं पाणी रात्रीतून गोठलंय आणि अंगणभर त्याचा निसरडा पापुद्रा धरलाय. ट्रॅक्टर सुरू होतो, मागच्या मोठ्या चाकांवरच्या लोखंडी साखळ्या खळखळतात, बर्फात दात रोवतात आणि ट्रॅक्टर निमूट चढ चढून जातो. दुपारी दोनला तोच ट्रॅक्टर त्याच वाटेने परत येतो तेव्हा बर्फाचा पत्ता नसतो. खाली वीतभर चिखल. त्याच साखळ्या आता खडी उपसून कुंपणापर्यंत भिरकावतात, आणि वळण घेताना अंगणाची साल सोलून काढतात. ज्या लोखंडाचे सकाळी उपकार मानले, त्याच्या नावाने दुपारी बोटं मोडायची. शेतकरी खाली उतरतो, कमरेवर हात ठेवून चाकांकडे बघत राहतो. काढाव्यात का?

प्रश्न एवढाच आहे. पण तो दरवर्षी नव्याने पडतो आणि गेल्या वर्षीचं उत्तर यंदा कामाला येत नाही. साखळ्या चढवायच्या कधी, याचं उत्तर सोपं असतं. पहिला मोठा बर्फ पडला, चाक जागच्या जागी फिरलं की त्या चढतात. हिवाळा येतो तेव्हा दार ठोठावून येतो. जाताना मात्र तो उंबऱ्यात घुटमळतो, दोन पावलं जातो, काहीतरी विसरल्यासारखा परत येतो, आणि नेमका गेला कधी हे मे महिन्यात मागे वळून बघितल्यावर कळतं.

ज्यांनी ही साखळी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं जवळून. दोन लांब साखळ्या चाकाच्या दोन्ही कडांनी फिरतात, एक आतून, एक बाहेरून, आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे टायरच्या माथ्यावरून जातात. जमिनीवर पसरली की शिडी दिसते. त्या आडव्या तुकड्यांचं गणित असतं. शेतीच्या टायरला तिरपे, जाड रबरी दात असतात, आणि आडवे तुकडे फार विरळ असले तर ते दोन दातांच्या मधल्या खाचेत जाऊन बसतात. मग साखळी असून नसल्यासारखी. म्हणून जाणता माणूस दाट आडव्या तुकड्यांची किंवा चौकटीच्या जाळीची साखळी घेतो. आकड्यांची उघडी तोंडं बाहेरच्या बाजूला ठेवायची, नाहीतर ती टायरलाच खातात. आतला आकडा आधी अडकवायचा, कारण तिथे हात पोचत नाही. मध्यम ट्रॅक्टरच्या एका जोडीचं वजन सहज पन्नास किलोच्या पुढे जातं. त्यात बऱ्याच ठिकाणी टायरच्या पोटातही पाणी भरलेलं असतं, वजन वाढावं म्हणून. ते गोठू नये यासाठी त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळतात किंवा पाण्याऐवजी साखरेच्या बीटाचा काळपट रस भरतात. म्हणजे थंडीतला ट्रॅक्टर आतूनही सजलेला आणि बाहेरूनही.

एके काळी ट्रॅक्टरला या साजाची गरज नव्हती. चाकंच लोखंडाची होती, वर टोकदार खिळे. ती बर्फातही रुतत आणि चिखलातही. पण डांबरी रस्त्यावर आली की रस्त्याच्या चिंध्या करत, म्हणून बऱ्याच ठिकाणी कायद्याने त्यांना रस्ताबंदी होती. १९३२ मध्ये अॅलिस-चाल्मर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर दिले. शेतकऱ्यांना पटेना. रबर नांगर ओढणार? मग १९३३ मध्ये कंपनीने बार्नी ओल्डफील्ड नावाचा नामांकित रेसर आणला आणि टेक्सासमधल्या डॅलसला त्याने खास तयार केलेला ट्रॅक्टर ताशी चौसष्ट मैलांवर पळवला. किलोमीटरमध्ये सांगायचं तर शंभराच्या वर. शेतात कुणाला इतकं पळायचं असतं, हे विचारायचं नाही. जाहिरात जमली, रबर जिंकलं आणि ट्रॅक्टरने नखं गमावली. ती नखं परत देणारी वस्तू तोवर मोटारींसाठी तयार होतीच. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड या माणसाने १९०४ च्या ऑगस्टमध्ये टायरच्या साखळीचं पेटंट घेतलं होतं. चिखलात रुतू नये म्हणून लोक चाकांना दोरखंड आणि वेली गुंडाळतात, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली असं सांगतात. गंमत अशी की ज्या चिखलातून साखळी जन्मली म्हणतात, त्याच चिखलाला भिऊन आज ती उतरवायची की नाही याची खलबतं चालतात.

खलबतं उगीच चालत नाहीत. थंडी कडक असते तेव्हा बर्फ तुलनेने इमानदार असतो. उणे वीस अंशांना तो कोरडा, करकरीत असतो आणि रबरालाही थोडीफार पकड देतो. पारा शून्याच्या आसपास आला की त्याच्या पाठीवर पाण्याचा थर धरतो, आणि सगळ्यात दगाबाज बर्फ तो हाच. म्हणजे हिवाळा संपत आला, आता काढूया, असं ज्या दिवसांत वाटायला लागतं तेच दिवस सकाळच्या वेळी सगळ्यात घसरडे. जानेवारीत एखाद्याने साखळीवाचून निभावलं असेल, पण मार्चअखेरच्या पहाटे उतारावर निभावेलच असं नाही.

आणि दुपार झाली की चिखल. हा चिखल साधा नाही. व्हरमाँटचे निम्म्याहून जास्त रस्ते आजही कच्चे आहेत, आणि तिथे हिवाळा व वसंत यांच्यामध्ये चिखलाचा म्हणून एक पाचवा ऋतू गंभीरपणे मोजला जातो. बर्फाखालची जमीन गोधडीखाली असल्यासारखी ऊब धरून असते. रस्त्यावरचा बर्फ मात्र माणसाने ढकलून बाजूला केलेला, म्हणून रस्ता उघडा पडतो आणि हात-दोन हात खोल गोठतो. मार्चमध्ये ऊन लागलं की तो वरून वितळायला लागतो, खाली दगड तसाच. वरच्या पाण्याला खाली जायला वाट नाही. मग वरचा थर खिरीसारखा होतो. गावं जड ट्रकांना रस्ता बंद असल्याच्या पाट्या लावतात. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावी सभा भरतात, वर्षाचा खर्च हात वर करून मंजूर होतो, आणि रस्त्याचं खातं पुकारलं की पेंगणारे जागे होतात. अशा रस्त्यावर, अशा अंगणात, साखळीवाली चाकं फिरवायची म्हणजे गोठलेल्या पेंडीवरचं लोणी नांगराने खरवडायचं. एकदा पडलेल्या चाकोऱ्या आठवड्याने सुकून कडक होतात आणि मग त्या जूनपर्यंत पुरतात.

तरी साखळ्या चटकन उतरत नाहीत, त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते गोड आहे. रात्री शून्याखाली, दिवसा शून्यावर, हाच जो खेळ अंगणाची वाट लावतो, त्याच खेळाने मेपलच्या झाडांतून रस वाहतो. रात्री गारठ्याने झाडाच्या आत ओढ तयार होते आणि मुळांकडून पाणी वर शोषलं जातं. सकाळी ऊन चढलं की आतला दाब वाढतो आणि खोडाला पाडलेल्या बारीक भोकातून रस ठिबकायला लागतो. नुसती थंडी राहिली तर रस नाही, नुसती ऊब राहिली तरी नाही. दोन्ही ऋतू एकाच दिवसात यावे लागतात. अमेरिकेतल्या मेपल पाकापैकी जवळजवळ निम्मा हे चिमुकलं राज्य बनवतं, आणि तो सगळा या पाच-सहा आठवड्यांच्या धरसोडीत. रस नुसता पाण्यासारखा असतो, जिभेला गोडी जेमतेम लागते. चाळीस लिटर आटवावा तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. रात्र-रात्र भट्टी पेटलेली असते, चपट्या लांब काहिलींवरून वाफेचे लोट उठतात आणि छपराच्या उघड्या झडपांतून बाहेर पडतात. आपल्याकडे गुऱ्हाळात मुक्काम टाकलेल्या कुणालाही तिथे परकं वाटणार नाही. फक्त काकवीची चौकशी करू नये.

आता यात ट्रॅक्टर कुठे येतो? आज पुष्कळ ठिकाणी झाडाझाडाला प्लास्टिकच्या नळ्या जोडून रस उतारावरून आपोआप खाली आणतात. पण जिथे बादल्या आहेत, किंवा रस दूरच्या टाकीत साठतो, तिथे तो आणायला ट्रॅक्टर जंगलात शिरतो. जंगलातली वाट सावलीत. तिथे बर्फ अजून गुडघाभर, खाली घट्ट दाबलेलं निसरडं. मागे शेकडो लिटरची टाकी हिंदकळतेय, पुढे उतार. तिथे साखळी नसलेल्या ट्रॅक्टरवर बसायला चांगला अनुभवी माणूसही तयार होत नाही. म्हणजे जंगलासाठी साखळी हवी आणि अंगणासाठी नको, आणि जंगलात जायचं तर अंगणातूनच. मग माणूस तडजोडी शोधतो. पहाटे, जमीन गोठलेली असतानाच अंगण ओलांडायचं आणि रात्री पुन्हा गोठल्यावर परत यायचं. दुपारचं काम जंगलातच काढायचं. घड्याळापेक्षा थर्मामीटर बघून जेवणाची वेळ ठरते. पुढे झाडांच्या कळ्या फुगायला लागतात, रसाची चव बिघडते आणि बादल्या उतरतात. काहीजण साखळ्यांचाही हिशोब त्याच दिवशी मिटवतात.

सगळ्यांकडे मेपल नसतो. आणि एकाच शेतावर एकच महिना असतो असंही नाही. घराच्या दक्षिणेला मार्चअखेर गवताची पाती दिसतात, तर कोठाराच्या उत्तरेला, छपरावरून घसरून पडलेल्या बर्फाच्या ढिगाखाली, एप्रिलच्या मध्यापर्यंत जानेवारी मुक्काम ठोकून असतो. ट्रॅक्टरला दिवसातून चार वेळा या दोन महिन्यांतून ये-जा करावी लागते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच पेच वेगळ्या रूपात होता. तेव्हा इथे रस्त्यावरचा बर्फ ढकलत नसत, दाबत असत. पुरुषभर उंचीचे प्रचंड लाकडी रूळ घोड्यांना जुंपून बर्फावरून फिरवायचे. बर्फ घट्ट बसला की त्यावरून घसरगाड्या सरसर निघत. लाकडी छपराच्या पुलांवर आत बर्फ पडत नसे, तर तिथे माणसं लावून फावड्याने बर्फ पसरत, गाड्यांना धाव मिळावी म्हणून! आज हे वाचताना हसू येतं. पण तेव्हाच्या माणसापुढेही मार्च महिना हाच सवाल घेऊन यायचा: घसरगाडी आत लावून चाकाची गाडी बाहेर काढायची कधी? सकाळी बर्फावरून गिरणीत गेलेला माणूस संध्याकाळी उघड्या, चिखलाळ वाटेवरून घसरगाडी ओढत परत आला, असंही व्हायचंच.

माणसाला असले निर्णय स्वतः घ्यायला फारसे आवडत नाहीत. तो ते दुसऱ्या कुणावर तरी ढकलतो. पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सटॉनी गावात १८८७ पासून २ फेब्रुवारीला घूससारख्या दिसणाऱ्या एका गुबगुबीत प्राण्याला बिळातून बाहेर काढतात आणि त्याला स्वतःची सावली दिसली की अजून सहा आठवडे हिवाळा असं जाहीर करतात. उंच टोप्या घातलेली प्रौढ माणसं हे करतात. नॉर्वेचा कायदा जास्त गंभीर, पण त्याचीही गंमत कमी नाही. दक्षिण नॉर्वेत मोटारीचे खिळेवाले टायर ईस्टरनंतरच्या पहिल्या रविवारपर्यंत चालतात, पुढे बर्फ असेल तरच. ईस्टर ठरतो वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून, म्हणजे तो २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही पडू शकतो. थोडक्यात, टायर कधी बदलायचे हे तिथेही चंद्र सांगतो. पंचांगवाल्यांनी उगीच संकोच करू नये.

अलास्कात ते यावर सरळ पैजा लावतात. १९१७ साली नेनाना गावी रेल्वेच्या कामावर आलेल्या इंजिनिअरांनी गोठलेल्या टानाना नदीचा बर्फ कधी फुटेल यावर पैज लावली, ती आजतागायत दरवर्षी चालू आहे. नदीवर लाकडी तिकाटणं उभं करतात, त्याची तार किनाऱ्यावरच्या घड्याळाला. बर्फ सरकला, तार ताणली की घड्याळ बंद, आणि ज्याचं मिनिट जुळलं तो जिंकला. बर्फ २०१३ मध्ये २० मे रोजी हलला, आणि २०१९ मध्ये १४ एप्रिललाच. व्हरमाँटमध्येही वेस्ट डॅनव्हिल गावच्या जोज पाँड तळ्यावर असाच खेळ रंगतो, फक्त तिकाटण्याच्या जागी सिमेंटचा ठोकळा. आणि मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी राहिलेल्या थोरो या लेखकाने तर पैज न लावताच तारखा टिपून ठेवल्या: १८५२ मध्ये तळं पूर्ण मोकळं झालं १८ एप्रिलला, आणि पुढच्याच वर्षी २३ मार्चला. एकच तळं, एकच माणूस, लागोपाठची दोन वर्षं, आणि सव्वीस दिवसांचा फरक. साखळ्यांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात छापता येत नाही ती यामुळेच.

ज्यांना तारीख छापायची हौस असते त्यांना म्हातारे १९९७ ची आठवण देतात. त्या वर्षी ३१ मार्च आणि १ एप्रिलला वादळ आलं आणि बॉस्टनच्या विमानतळावर २५.४ इंच बर्फ पडला. एप्रिल फूलची थट्टा म्हणून कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं. १८८८ चं महावादळ आणि १९९३ चं, दोन्ही मार्चच्या मध्याची. हे ऐकून जो माणूस घाबरतो, तो साखळ्या ठेवतो. पण उशिराच्या बर्फाला तिथले शेतकरी गरिबाचं खतही म्हणतात. तो पडतो आणि हवेतला थोडा नत्र घेऊन जमिनीत मुरतो, दोन दिवसांत नाहीसा होतो. त्यासाठी साखळी कशाला, ढकलायचाच कशाला, असा दुसरा पक्ष.

या दोन पक्षांवरून माणसं ओळखता येतात. एकाला चढवण्याचे कष्ट आठवतात: ओल्या बर्फात गुडघे टेकून, सुन्न बोटांनी आतला आकडा चाचपायचा. ते पुन्हा करावं लागेल या धास्तीने तो एप्रिल उलटेपर्यंत साखळ्या मिरवतो, आणि मे महिन्यात हिरवळीतून एकेक खडा वेचत बसतो. दुसऱ्याला आपलं अंगण जिवापाड प्रिय. तो पहिल्या उबदार रविवारी साखळ्या काढतो आणि पुढच्या बुधवारी उतारावर अडकून शेजाऱ्याला हाक मारतो. शेजारी येतो, त्याच्या साखळ्या अर्थातच अजून चढलेल्या. ओढून काढतो, काही बोलत नाही. न बोलणं हेच पुरेसं असतं. खरं पाहता पहिल्या पक्षाचं नुकसान जास्त, कारण चाकोऱ्या जूनपर्यंत पुरतात आणि फजिती दोन दिवसांत विरते. पण माणूस नुकसानापेक्षा फजितीला जास्त भितो, म्हणून गावात उशिरा काढणाऱ्यांचं बहुमत असतं.

या बर्फात मराठी माणसाला ओळखीचं नावही भेटू शकतं. लाल बॉनेट, बाजूला महिंद्रा. कांदिवलीला आणि नागपूरला ट्रॅक्टर बनवणाऱ्या या कंपनीने १९९४ मध्ये अमेरिकेत दुकान मांडलं. तिथे विकले जाणारे पुष्कळसे छोटे ट्रॅक्टर कोरिया-जपानच्या कारखान्यांतले असतात, पण नाव आपलंच. आणि चाकावर लोखंड चढवणं-उतरवणं आपल्यालाही नवं नाही. भंडारा-गोंदियात धानाच्या चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरला पिंजऱ्यासारखी लोखंडी केज व्हील लावतात, आणि बांधावरून डांबरी सडकेवर येण्याआधी ती काढायची असतात. कंटाळा करून तशीच नेली तर सडकेवर ओरखड्यांची रांग उठते आणि गावभर कळतं की कोण गेलं. भंडाऱ्यात चिखल आला की लोखंड चढतं, व्हरमाँटमध्ये चिखल आला की उतरतं.

तर अखेर एका दुपारी तो ठरवतो. रात्रीचा पारा सलग शून्याच्या वर राहिलाय, उत्तरेकडचा ढीग पाटाएवढा उरलाय, आणि घरातून दोनदा विचारणा झालीय की अंगण यंदाही नांगरायचंय का. ट्रॅक्टर गवत नसलेल्या कोरड्या जागी आणून उभा करतो. हातोडी, पक्कड, गंजावर मारायचं तेल. ताण देणारे रबरी पट्टे आधी सुटतात. बाहेरचा आकडा हातोडीच्या दोन ठोक्यांनी निघतो. आतला निघत नाही. तो कधीच निघत नाही. त्यावर चार महिन्यांचा चिखल, मीठ, शेण आणि गंज यांचं सिमेंट बसलेलं असतं. चाक अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा ठोके, मध्येच बोटं चिमटतात आणि काही शब्द बाहेर पडतात जे लहान मुलांसमोर बोलायचे नसतात. मग एकदम तो सुटतो. ट्रॅक्टर सावकाश पुढे घेतला की साखळी मागे जमिनीवर उलगडत पडते.

ती धुवायची, वाळवायची, जुनं ऑइल फासून पिंपात टाकायची, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. तो ती उलथीपालथी करून बघतो. मधले दोन आडवे तुकडे घासून पातळ झालेत, एक कडी तर जवळजवळ तुटायला आलीय. आत्ता नवे तुकडे मागवले, पक्कड हातात आहे तोवर बसवले, तर अर्ध्या तासाचं काम. तो कडी अंगठ्याने दाबून पाहतो, आभाळाकडे बघतो, नांगराच्या कामाची आठवण होते, आणि ऑक्टोबरात बघू असं म्हणत साखळी पिंपात टाकतो. पिंपाचं झाकण मात्र लावत नाही. अजून एप्रिल आहे.